जुन्या ड्रॉइंगवरून थ्रीडी मॉडेल करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, पाचपैकी पावणेचार स्टार. कापलेला सव्वा स्टार कशाचा ते पुढे येईलच. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण मध्ये एक मोठा घोळ झाला आणि तो त्यांनी स्वतःच्या खिशातून निस्तरला, आता नाव घेऊन त्याची बोंब मारायची म्हणजे बरं दिसत नाही. कोल्हापुरातच आहे, उद्यमनगरात, वरचा मजला, जिना इतका अरुंद की ड्रॉइंगची गुंडाळी आडवी धरली तर भिंतीला घासते. बोर्ड साधा आहे, 'कॅड वर्क, स्कॅनिंग, थ्रीडी' एवढंच.

काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं वडिलांपासूनचं छोटं वर्कशॉप आहे, गुऱ्हाळाच्या चरकाचे सुटे पार्ट करतो. त्यातलं एक बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ती पेटी, बिडाची, डावं आणि उजवं असं जोडीनं लागतं. त्याचे सागवानी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा पाडायचे लाकडी नमुने, आप्पांनी १९८४ ला करून घेतलेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गोडाऊनमध्ये शिरलं ते आठ दिवस हललं नाही आणि पॅटर्न फुगून पार वाकडे झाले. पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून चार सीझन ढकलले, पण गेल्या वर्षी फौंड्रीवाल्यानं हात जोडले, म्हणाला दादा ह्या पॅटर्नवर आता माल निघणार नाही, नवीन करा. नवीन करायचा तर पॅटर्नवाला मिस्त्री म्हणतो आता सगळं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापतो, मला थ्रीडी फाइल द्या. आणि आमच्याकडे काय होतं, तर एक अमोनिया प्रिंट.

ज्यांनी अमोनिया प्रिंट बघितलीच नाही त्यांच्यासाठी: झेरॉक्स यायच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं ट्रेसिंगवरून कॉपी काढायची ती अशी, अमोनियाच्या वाफेवर, तो वास एकदा नाकात गेला की जात नाही. उजेडात राहिली की रेघा उडत जातात. आमची तर घडीवर पिवळी पडलेली आणि उजवा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. आता इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात काय असतं? टायटल ब्लॉक. म्हणजे मटेरियल, स्केल, आणि ड्रॉइंग कुठल्या पद्धतीनं काढलंय ते सांगणारं कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह, सगळं वाळवीच्या पोटात. शिवाय वाळवी तिथंच थांबली नाही, वर चढून साइड व्ह्यूचाही निम्म्याहून जास्त भाग घेऊन गेली. राहिले फ्रंट आणि टॉप, आणि साइडचा एक तुकडा.

पहिला मूर्खपणा मी स्वतः केला. मोबाइलवर फोटो काढला आणि एका वेबसाइटवर टाकला, फोटो द्या थ्रीडी घ्या म्हणणाऱ्या हल्ली पुष्कळ आहेत. दीड मिनिटात मॉडेल आलं, फिरवून बघता येत होतं, मी खूश. नीट बघितलं तर डायमेन्शनच्या रेघा आणि बाण पण त्यानं लोखंडाचे समजून पार्टला चिकटवलेले, टॉप व्ह्यू हा वेगळाच एक पार्ट म्हणून वर तरंगत होता, आणि मागची बाजू म्हणजे उतू गेलेल्या पिठल्यासारखी. चूक त्या वेबसाइटची नाही हो. तिला एक फोटो बघून मागचं कसं असेल त्याचा अंदाज करायला शिकवलंय, खेळणं किंवा खुर्ची असेल तर जमतही असेल. पण हाउसिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, ११० चा आहे का ११२ चा, हा अंदाजाचा विषयच नाही. वर मिळते ती एसटीएल फाइल, म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी, त्यात बोअर सिलेक्ट करून व्यास बदलतो म्हटलं तर बदलता येत नाही.

मग कुणीतरी ह्या दुकानाचं सांगितलं.

गेलो तर तिथं दोन पोरं कॉम्प्युटरवर आणि खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कुठल्याशा कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला आयुष्य घालवून रिटायर झालेले, दुपारी तीननंतर येऊन बसतात. प्रिंट टेबलावर पसरली तर पोरानं आधी स्कॅनरच्या आकाराचं बघितलं आणि अण्णांनी आधी वास घेतला. खोटं सांगत नाही, खरंच वास घेतला.

स्कॅनिंगचे दोनशे वेगळे. मला वाटलेलं स्कॅन केलं की झालं, त्यावरच रेघा ओढतील. तसं नसतं. पोरानं दाखवलं, कागद चाळीस वर्षांत आखडतो, आणि लांबीला जेवढा आखडतो तेवढाच रुंदीला आखडेल असं नाही, त्यामुळे स्कॅनवर मोजून काहीही घ्यायचं नाही, लिहिलेला आकडाच वाचायचा. आकडा वाचता आला नाही तर बेरीज करायची. आमच्या बेसचा मधला आकडा पुसट होता, १३४ का १८४ कळेना. एकूण लांबी ३१२ स्वच्छ दिसत होती, दोन्ही कडेचे ६४ दिसत होते, म्हणजे १२८ गेले, उरले १८४. बास, मिटलं. असे एकूण सात आकडे त्यांनी सोडवले आणि दोन सुटले नाहीत म्हणून मला फोन केला, जाऊन जुन्या कास्टिंगवर व्हर्निअर लावून मोजून दिले. हे मला फार आवडलं. दुसरा कुणी असता तर मनानं आकडा टाकून मोकळा झाला असता आणि मला कळलं असतं ते थेट मशिनिंगच्या वेळी.

मॉडेल ते सॉलिडवर्क्स नावाच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये करतात. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो, कुणी हटकलं नाही, हा पण एक प्लस पॉइंट. त्यात टूडीचं थ्रीडी करायचा वेगळा टूलबार आहे. रेघा आत आणायच्या, फ्रंटच्या रेघा सिलेक्ट करून सांगायचं हा फ्रंट, टॉपच्या सिलेक्ट करून सांगायचं हा टॉप, की तो टॉप पत्र्याला बेंड मारल्यासारखा काटकोनात वळून उभा राहतो. मग दोन्ही कडेला कड लावून जुळवायचे आणि एकेक आकार ओढून जाडी द्यायची. बघायला एकदम भारी वाटतं. पण लक्षात घ्या, सॉफ्टवेअर कागद फक्त वळवून देतं, कुठली रेघ कुठल्या रेघेची जोडीदार आणि कुठं माल भरलेला कुठं पोकळ, हे खुर्चीतला माणूस ठरवतो. म्हणून 'कॅडवर टाकलं की निघतं' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता साबणाचं. तिसऱ्या दिवशी फोन आला की या, अण्णांना एक शंका आहे. गेलो तर टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर कपडे धुवायच्या साबणाच्या वडीचे दोन तुकडे आणि साबणाचा भुगा. हाउसिंगच्या पायाजवळ एक जागा आहे, फ्रंटमध्ये तिथं एक चौकोन आणि मधोमध एक आडवी रेघ, टॉपमध्ये पण तसाच चौकोन आणि मधोमध आडवी रेघ. अण्णांनी एका वडीला पायरी कापली होती, जिन्याची असते तशी. दुसरीला त्याच दोन रेघांमध्ये सरळ उतार कापला होता, छपरासारखा. म्हणाले समोरून बघा. समोरून बघितलं, दोन्ही सारख्या. वरून बघा म्हणाले, वरून पण सारख्या, रेघ जिथल्या तिथं. मी डोळा बारीक करून चार वेळा बघितलं. मग त्यांनी दोन्ही वड्या आडव्या फिरवून साइड दाखवली तेव्हा फरक दिसला, आणि आमची साइड तर वाळवीनं खाल्लेली. वर म्हणाले, उतार आतल्या बाजूला गोलाई देऊन कापला तरी वरून-समोरून हेच दिसणार, तिसरी वडी वाया घालवली नाही एवढंच. आणि मला विचारलं, "मालक, ह्यातलं तुमचं कुठलं?"

जुनं कास्टिंग बघून सांगितलं असतं, पण जी दोन शिल्लक होती त्यांना त्या जागी इतक्या वेळा वेल्डिंग मारलेलं की मूळ आकार ओळखू येत नव्हता. मला काय माहीत, १९८४ ला मी बालवाडीत. आप्पांना फोन लावला. आप्पा म्हणाले, "उतार हाय तिथं. पायरी ठेवली तर चिपाडाचा भुसा साचतोय, रस मुरतोय, आंबतंय, आन् बीड खातंय. म्हणून उतार ठेवलाय." झालं, एका मिनिटात निकाल. जे कागदावर नव्हतं ते चरकाशेजारी उभं राहिलेल्या माणसाला माहीत होतं.

पुतणीला रात्री हे सांगितलं, ती पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, तर ती उसळलीच, काका हे तर आम्हाला कॉम्प्युटर व्हिजनमध्ये आहे. मग तिनं जे सांगितलं त्यातलं मला कळलं तेवढं लिहितो. १९६३ ला एमआयटीत लॅरी रॉबर्ट्स म्हणून एकानं फोटोतल्या ठोकळ्यांच्या कडा काढून कॉम्प्युटरला त्यांचं थ्रीडी ओळखायला लावलं होतं, हाच गडी पुढं इंटरनेटचा आजोबा म्हणतात त्या आर्पानेटच्या कामात मोठा झाला. १९७१ ला हफमन आणि क्लाउज ह्या दोघांनी, एक अमेरिकेत एक इंग्लंडात, एकमेकांपासून वेगळं, रेघांना खुणा द्यायची पद्धत काढली: कड बाहेर आलेली असेल तर अधिक, आत गेलेली असेल तर उणे, आणि जिच्या पलीकडचं झाकलं जातं तिला बाण. कोपऱ्यावर ह्या खुणा ठरावीक प्रकारेच जुळू शकतात, न जुळणाऱ्या बाद करत गेलं की ठोकळ्याचा अर्थ उरतो. आणि आमच्यासारख्या तीन व्ह्यूंच्या ड्रॉइंगचं म्हणाल तर १९७३ ला इदेसावा म्हणून एका जपान्यानं त्यावर काम केलं, मग १९८१ ला आयबीएममधल्या मार्कोव्स्की आणि वेस्ली ह्यांनी रीतसर पद्धत मांडली: व्ह्यू जुळवून आधी सगळे शक्य कोपरे काढायचे, त्यांच्यातून कडा, कडांतून पृष्ठं, पृष्ठांतून बंद डबे, आणि मग कुठले डबे भरलेले कुठले रिकामे ठेवले तर सगळे व्ह्यू बरोबर येतात ते तपासायचं. ह्यात खोट्या कडा पण तयार होतात, ज्या कागदावरून शक्य वाटतात पण पार्टमध्ये नसतात. आणि गंमत ही की ती पद्धत एकच उत्तर देत नाही, जेवढे बसतात तेवढे सगळे ठोकळे काढून देते. म्हणजे अण्णांनी साबणावर केलं तेच की! फरक एवढाच, की अण्णा वर विचारतात तुमचं कुठलं.

तिनं व्हॉट्सॲपवर एक घन पण काढून पाठवला, नुसत्या बारा रेघांचा, त्याला नेकरचा घन म्हणतात, १८३२ मध्ये नेकर नावाच्या स्विस माणसाला स्फटिकांची चित्रं बघताना हे जाणवलं. बघत बसलं की कधी डावा चौकोन पुढं येतो कधी उजवा. चहाच्या गाडीवर दोघातिघांना दाखवला, भांडणं लागायची वेळ आली.

आणि आता घोळ, जो ह्या घनासारखाच उलटा-सुलटा निघाला.

ह्या दुकानाची एक चांगली पद्धत आहे, फायनल करायच्या आधी चौथ्या हिश्शाच्या मापात प्लास्टिकचं छोटं थ्रीडी प्रिंट काढून हातात देतात, पैसे त्यातच धरलेले. मी ते घरी आणलं, तळहातावर मावेल एवढं, दिसायला झकास, पोराबाळांनी हाताळलं. आप्पांनी चष्मा लावला, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "हे डावं हाय की रं. उजवं कुठाय?" मी म्हटलं उजवंच आहे, ड्रॉइंगवर वरती आर एच लिहिलंय. तर त्यांनी ग्रीस निपलचा उंचवटा आहे तिथं बोट ठेवलं. "मग ग्रीस माराय माणूस चरकात घालायचा काय?"

बरोबर होतं. उंचवटा रोलरच्या बाजूला तोंड करून होता.

झालं असं. ड्रॉइंग काढायच्या दोन पद्धती असतात, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. आपल्याकडे कॉलेजात, आयटीआयला फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात वरून दिसणारा टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली काढतात. अमेरिकन पद्धत थर्ड अँगल, तिथं टॉप वर, दिसतो त्याच बाजूला. आमच्या प्रिंटमध्ये दुसरा व्ह्यू फ्रंटच्या वर होता. म्हणजे थर्ड अँगल. पोरानं सवयीनं फर्स्ट धरलं, आणि मग वर काढलेला तो खालून दिसणारा व्ह्यू ठरला. अख्खा पार्ट पुढचा मागं झाला, म्हणजे आरशातला भाऊ. सगळी मापं बरोबर, एक मिलिमीटरचा फरक नाही, आणि तरी पार्ट चुकीचा. एरवी अशी चूक लगेच सापडते, कारण झाकलेली कड तुटक रेघेनं काढतात, आणि बाजू उलटी धरली की सलग रेघ असायला हवी तिथं तुटक येते. पण आमची प्रिंट एवढी उडालेली की सलग रेघाच जागोजाग तुटलेल्या, पोरानं सगळ्याच सलग धरल्या. टायटल ब्लॉकमधलं चिन्ह असतं तर प्रश्नच नव्हता. ते वाळवीनं खाल्लं, हे मान्य. पण दोन पद्धती आहेत आणि चिन्ह नाही, तर तेवढं विचारायला पाहिजे होतं, जसं साबणाचं विचारलं तसं. अण्णा त्या दिवशी आले नव्हते म्हणे, कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. इथं अर्धा स्टार कापला.

हे सांगायला गेलो तेव्हा मालकानं वाद घातला नाही, कागद काढला, बघितला, पोराकडे बघितलं, आणि म्हणाला दादा आमची चूक. खरं तर नुसतं मिरर मारून आर एच चं एल एच आणि एल एच चं आर एच करून पाच मिनिटात परत देता आलं असतं. आम्हाला दोन्ही लागणारच होती, मी पण तेच म्हटलं. पण अण्णा ऐकेनात. मूळच बाजू चुकीची धरून वाचलं असेल तर तुटक-सलगचा दुसरा कुठला निर्णय पण चुकलेला असू शकतो, म्हणून सगळ्या रेघा परत एकदा तपासल्या, आणि एक रिब, म्हणजे मजबुतीची पट्टी, खरंच दुसऱ्या बाजूला सापडली. त्याचं नवीन प्रिंट पण फुकट. ही गोष्ट म्हणून नाव टाकत नाही आणि म्हणूनच चारच्या जवळ स्टार आहेत.

बाकी तक्रारी किरकोळ, पण आहेत. सहा दिवस सांगून अकरा लागले, गुऱ्हाळांचा सीझन तोंडावर असताना प्रत्येक दिवस मोजावा लागतो राव. दुपारी दीड ते तीन फोन उचलत नाहीत, उचलला तर 'जेवायलोय' एवढंच. बिल मागून मागून मिळालं. फाइल पहिल्यांदा नुसती त्यांच्या सॉफ्टवेअरची पाठवली, आमच्या मिस्त्रीकडे ती उघडेना, मग स्टेप फाइल मागितली, ती बहुतेक सगळ्या कॅडमध्ये उघडते. तुम्ही जाल तर आधीच सांगा की मॉडेलची फाइल, स्टेप आणि नवीन टूडी ड्रॉइंगचं पीडीएफ, तिन्ही पाहिजे. टूडी पण परत करून घ्याच, आणि त्यावर टायटल ब्लॉक आणि ते शंकूचं चिन्ह आहे का ते स्वतः बघा. मी बघितलं. आहे, चांगलं मोठं आहे, पोरानं बहुतेक मुद्दाम मोठं काढलंय.

रेट ड्रॉइंगमागे साडेचार हजार घेतला, छोटं प्रिंट धरून. साधी प्लेट-बिट असेल तर कमी घेतात. महाग वाटतं का? मलाही पहिल्यांदा वाटलं. मग हिशोब केला, चुकीच्या बाजूचे दोन पॅटर्न आणि त्यावर ओतलेलं बीड अंगावर पडलं असतं तर किती. नंतर वाटलं नाही.

एक मात्र कास्टिंगवाल्यांनी लक्षात ठेवा, मॉडेल म्हणजे पॅटर्न नव्हे. हे लोक तयार पार्टच्या मापाचं मॉडेल देतात. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे मीटरमागे दहा एमएम, ते वाढवायचं, मशिनिंगला माल सोडायचा, साच्यातून पॅटर्न सुटायला टेपर द्यायचा, हे सगळं पॅटर्नवाल्याचं काम. आमचा मिस्त्री अजून ती आकसणं धरून आखलेली वेगळी पट्टी खिशात ठेवतो, सीएनसी असली तरी. दुकानातल्या पोरानं मला विचारलं, श्रिंकेज घालून देऊ का? मी नको म्हटलं, कारण दोघांनी घातलं तर दोन टक्के व्हायचं.

पहिली चार हाउसिंग आली, बोअर मारले, चरकाला बसली. आप्पा स्वतः ग्रीस गन घेऊन गेले आणि बाहेर उभं राहून ग्रीस मारून आले. आता रोलरच्या पिनियनची प्रिंट काढून ठेवलीय, पुढच्या आठवड्यात नेतो, दीडच्या आत नाहीतर तीननंतर.

साबणाचे ते दोन तुकडे मी अण्णांकडून मागून आणले होते, वर्कशॉपमध्ये काचेच्या कपाटात ठेवू म्हणून. घरी फडताळावर ठेवले आणि विसरलो. आईनं धुण्याला घेतले. पायरीवाला आधी संपला.